स्वस्तातले भयपट : पाहावेत की न पाहावेत?



गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या शाळेतले एक तरुण शिक्षक मला भेटायला आले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग जरा संकोचून ते म्हणाले, "गुरुजी, एक विचारू का? सातवीतली मुलं रात्री मोबाइलवर भुताचे सिनेमे बघतात. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतात, आणि मधल्या सुट्टीत त्याच गोष्टी एकमेकांना सांगतात. बंद करा म्हणावं, तर मी स्वतः लहानपणी ते चोरून बघितलेले. बघा म्हणावं, तर त्यांतले निम्मे बघण्याच्या लायकीचे नाहीत. सांगू तरी काय?"

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. या प्रश्नाशी माझे स्वतःचे एक जुने देणे आहे. ते पुढे ओघात येईलच. आज त्या शिक्षकांना जे सांगायचे राहून गेले, ते तुम्हां सर्वांच्या साक्षीने सांगतो.

पहिल्यांदा हे बोलून टाकू, की भिण्यात मजा असते. ही गोष्ट काही सिनेमाने आणलेली नाही. माजघरात निजानीज झाल्यावर आजी पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगायची. कोकणात देवचार, घाटावर खवीस, माळावर चकवा, विहिरीपाशी हडळ. भुतांच्या बाबतीत आपला मुलूख कधी दरिद्री नव्हता. गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा, पांघरूण डोक्यावरून ओढले जायचे, आणि तरीसुद्धा "आजी, मग काय झालं गं?" असे आतून विचारणे चालूच असायचे. हात लांब केला की आजीची कूस लागत होती, म्हणून ती भीती गोड वाटत होती. भय समोर आणि आसरा जवळ, हा भयकथेचा मूळ करार आहे. नारायण धारपांच्या कादंबऱ्या आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ज्यांनी कंदिलाच्या नाहीतर दिव्याच्या उजेडात वाचल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे हीच गोष्ट जत्रेतल्या तंबूत आली. टूरिंग टॉकीज आता फारच थोड्या उरल्या आहेत, पण ज्यांनी त्यांत सिनेमा पाहिला त्यांना ते सारे अजून आठवत असेल. जमिनीवर बसायचे, पाठीमागे यंत्राची घरघर, मध्येच रीळ तुटले की शिट्ट्या, आणि कनातीच्या फटीतून येणारा गार वारा. त्या तंबूत भुताचा सिनेमा लागला की गर्दी हमखास. नट नावाजलेले नसत, गाणी बेताची असत, पण पडद्यावरचे दार करकरत उघडू लागले की सगळा तंबू एकदम गप्प होई.

हे चित्रपट कमी पैशांत काढलेले असत. हिंदीत या कामी सर्वांत मोठे नाव रामसे बंधूंचे. त्यांच्या वडिलांचा, फतेहचंद रामसे यांचा, धंदा मूळचा कराचीतला, रेडिओच्या दुकानाचा. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईला आले. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा चित्रपट काढला. चित्रपट पडला, पण त्यात मुखवटा घालून चोरी करण्याचा जो एक प्रसंग होता, त्याला प्रेक्षक दचकतात, एवढे मुलांच्या ध्यानात आले. त्यांनी विचार केला, की एका प्रसंगाने लोक इतके घाबरतात, तर साराच चित्रपट भीतीचा का काढू नये? मग १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. सगळे बिऱ्हाड महाबळेश्वरला नेऊन तिथे चित्रीकरण केले. तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचे, गंगूने कॅमेरा धरायचा, किरणने आवाज सांभाळायचा, कुमारने कथा लिहायची, अर्जुनने संकलन करायचे. शेतकऱ्याच्या घरी सुगीला जशी सारी भावंडे खळ्यावर राबतात, तसाच हा कारखाना. १९८४ साली त्यांचा 'पुराना मंदिर' आला आणि चांगलाच चालला. त्यातला सामरी नावाचा राक्षस शिक्षणाने इंजिनिअर असलेल्या एका उंचापुऱ्या नटाने, अनिरुद्ध अगरवाल यांनी, रंगवला होता.

आता प्रश्न असा, की कमी पैशांत काढलेला म्हणून चित्रपट हलका म्हणायचा का? काही जाणती माणसे तसे म्हणतात. मला ते पटत नाही. एखाद्या घरात भाकरी आणि ठेचा एवढेच असते, पण ते असे रुचकर असते की माणूस बोटे चाटतो. दुसरीकडे लग्नाच्या पंगतीत पन्नास पदार्थ असतात आणि एकाला चव नसते. गरिबी हा दोष नव्हे. गरिबी झाकण्यासाठी माणूस काय करतो, यावर सारे आहे. म्हणून स्वस्त भयपटाची पारख करताना मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. ते तुम्हांला सांगतो. पटतील ते ठेवा.

पहिला प्रश्न : पैसा नव्हता, तेव्हा या माणसाने डोके चालवले की नुसता रंग फासला?

याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. १९४२ साली तिथल्या आर. के. ओ. या चित्रसंस्थेने वाल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला भयपट काढायच्या कामावर बसवले. अट अशी की दर चित्रपटाला दीड लाख डॉलरांच्या आत खर्च, आणि नावसुद्धा संस्थाच ठरवून देणार. पहिलेच नाव मिळाले 'कॅट पीपल', म्हणजे मांजरमाणसे. आता आली का पंचाईत! माणसाचे जनावर होताना दाखवायचे तर सोंगासाठी पैसा हवा, आणि ते सोंग फसले की लोक हसणार. ल्यूटन आणि त्याचा दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी युक्ती काढली. त्यांनी जनावर जवळजवळ दाखवलेच नाही. रात्रीची वेळ, बागेच्या कडेचा रस्ता, एक बाई एकटी चाललेली. मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतो. मग तो आवाज थांबतो. बाई पाय उचलते, मागे बघते, कोणी नाही. आता काहीतरी झडप घालणार असे वाटते, तेवढ्यात फिस्स असा आवाज होऊन पडद्यावर येते ती एक साधी बसगाडी! प्रेक्षक जागच्या जागी उडतात. खर्च किती? एक बस आणि थोडा अंधार. चित्रपट उत्तम चालला, आणि तसल्या फसव्या दचक्याला पुढे सिनेमावाल्यांच्या बोलीत 'बस' हेच नाव पडले.

दुसरे उदाहरण १९७८ सालचे, जॉन कारपेंटर यांच्या 'हॅलोविन' चित्रपटाचे. खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर, म्हणजे तिकडच्या मानाने किरकोळच. खुनी माणसाला मुखवटा हवा होता. नवा घडवायला पैसे नव्हते, तेव्हा दोनेक डॉलरांत एका टीव्ही-मालिकेतल्या पात्राचा रबरी मुखवटा विकत आणला, त्याला पांढरा रंग दिला आणि डोळ्यांची भोके मोठी केली. कथा पानगळीच्या दिवसांतली; चित्रीकरणाच्या जागी मात्र झाडे हिरवीगार. मग कागदाची पाने रंगवून रस्त्यावर टाकायची, प्रसंग झाला की पुन्हा गोळा करून पोत्यात भरायची, आणि पुढच्या प्रसंगाला तीच पाने वापरायची! संगीतही दिग्दर्शकानेच पेटीवर वाजवावे तसे स्वतः वाजवले. आज तो चित्रपट पाहताना त्या पोत्यातल्या पानांची आठवण कोणाला होत नाही. कला म्हणतात ती अशी.

याच्या उलट काय होते तेही सांगतो. डोके चालले नाही, की मग टोमॅटोचा रस बादलीने ओतायचा, दर दोन मिनिटांनी कानठळ्या बसवायच्या, मांजर फेकायचे, आणि तरीही वेळ भरत नसेल तर न्हाणीघरातली बाई दाखवायची. रामसेंच्या आणि त्यांच्या नकला करणाऱ्यांच्या कितीतरी चित्रपटांना ही खोड होती. भुताच्या निमित्ताने बाईचे अंग विकायचे, हा धंदा झाला. असला चित्रपट घरात चारचौघांत बघता येत नाही, म्हणून तो चोरून बघितला जातो. आणि चोरून बघितलेल्या गोष्टीवर कोणी मोठे माणूस मुलाशी बोलू शकत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा तोटा.

इथे एक गंमत करून बघा. भयपट चालू असताना दोन मिनिटे आवाज बंद करा. भीती निम्म्याहून अधिक पळून जाईल. आम्हां रेडिओवाल्यांना याचे नवल वाटत नाही. नारळाच्या करवंट्या आपटून घोडा दौडवायचा आणि पत्रा हलवून वीज कडाडवायची, हे नभोनाट्याचे जुनेच तंत्र. भीती डोळ्यांपेक्षा कानांतून लवकर शिरते. वर्गात मुलांना हा प्रयोग दाखवला, तर चित्रपट कसा बनतो हे त्यांना कळेल, आणि रात्री भीती वाटली तर तिचे बटण कुठे असते तेही कळेल.

दुसरा प्रश्न : या चित्रपटातल्या भुताच्या मागे खरी भीती कोणती आहे?

भूत हे नुसते निमित्त असते. चांगल्या भयकथेत भुताच्या मागे माणसाची खरी काळजी उभी असते. 'पुराना मंदिर'मधला शाप आठवून पाहा. त्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार, असा तो शाप आहे. तंबूत बसलेल्या किती बायकांनी आपली बहीण नाहीतर नणंद बाळंतपणात गमावलेली असेल! त्यांना सामरीच्या सोंगाची गरज नव्हती. ते भय त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. चित्रपटाने नेमकी दुखरी नस पकडली होती. परंतु पकडून पुढे काय केले? मध्येच 'शोले'ची विनोदी नक्कल घातली, मारामाऱ्या घातल्या, आणि ती नस सोडून दिली. म्हणून मी म्हणेन, चित्रपट एकदा बघण्याजोगा, पण हाती लागलेले सोने त्याने वाटेत सांडले.

१९६८ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराजवळ जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या मित्रांनी पैसे जमवून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' नावाचा चित्रपट काढला. खर्च लाख-सव्वा लाख डॉलर. चित्रपट कृष्णधवल, रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबत! कथा एवढीच, की मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि शेतातल्या एका घरात सहा-सात माणसे अडकून पडतात. पण बघताना हळूहळू ध्यानात येते, की बाहेरची प्रेते फार हळू चालतात. आतल्या माणसांनी एकजूट केली असती तर निभावले असते. ती आपसांत भांडतात. तळघरात लपायचे की वर थांबायचे, यावरून हमरीतुमरीवर येतात, आणि तिथेच घात होतो. ज्यांनी गावात पूर आलेला पाहिला आहे, किंवा ग्रामपंचायतीची सभा पाहिली आहे, त्यांना ही भीती परकी वाटणार नाही.

आता आपल्या मराठीतले उदाहरण. २०१७ साली विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा चित्रपट आला. पैसा बेताचा, पात्रे मोजकी, जागा म्हणजे उसाच्या फडातले एक एकाकी घर. एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर तिथे येऊन राहते. पूजा सावंत यांनी ती गरोदर बाई आणि उषा नाईक यांनी त्या घरातली वयस्क बाई उभी केली आहे. इथे भीती पुष्कळदा भर दिवसा येते. उसात शिरल्यावर चार पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि पाचट सळसळले की कोण आहे ते कळत नाही, हे ज्याने ऊस तोडला आहे त्याला ठाऊक आहे. दिग्दर्शकाला वाड्याचा आणि वटवाघळांचा खर्च करावाच लागला नाही. आपल्या फडानेच त्याचे काम केले.

आणि भुताच्या मागे काय आहे? मुलगी नको म्हणून मारलेली मुलगी आहे. २०११ सालच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८०७ वर आला होता. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ सालचा. इतका जुना कायदा असून जी गोष्ट घरांच्या भिंतींआड होत राहिली, तिच्याविषयी व्याख्यान द्यायला उभे राहिलो तर लोक माना डोलावतात आणि घरी जातात. हा चित्रपट पाहून घरी गेलेल्या माणसाला मात्र पाळण्याचा करकर आवाज काही दिवस पुरतो. पुढे २०२१ साली त्याच दिग्दर्शकाने 'छोरी' या नावाने तो हिंदीत केला. सगळेच त्यात निर्दोष आहे असे नव्हे. कथा मध्ये रेंगाळते, काही दचके नेहमीचेच आहेत. पण मोठ्या माणसांनी तो जरूर पाहावा, असे माझे मत आहे.

याच जातीचा, परंतु याहून थोडा खर्चिक असा 'तुंबाड' २०१८ साली आला. त्यातले भय लोभाचे आहे, आणि ते उभे करायला कणकेच्या बाहुल्या पुरल्या. चुलीपाशी बसून आई मुलाला कणकेची चिमणी करून देते, त्याच कणकेची भीती वाटायला लागावी, ही साधी गोष्ट नव्हे.

तिसरा प्रश्न : भूत कोणाच्या चेहऱ्याचे आहे?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि माझे देणे आहे ते इथे.

१९८९ सालची गोष्ट. आमच्या गावच्या जत्रेत तंबू आला होता आणि त्यात एक चेटकिणीचा सिनेमा लागला होता. नाव मुद्दाम सांगत नाही. चित्रपट फक्त प्रौढांसाठी होता. मी तिकीट काढून आत बसलो. सिनेमा सुरू झाल्यावर बघतो, तर कनातीखालून चार पोरे सरपटत आत आली. चारही माझ्याच वर्गातली. त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले. कान धरून बाहेर काढणे माझे काम होते. पण मी नुसता हसलो आणि पडद्याकडे तोंड केले. मनात म्हटलं, जत्रा आहे, पोरंच ती, बघू देत.

पडद्यावरची चेटकीण म्हणजे पाठीत वाकलेली, केस पिंजारलेली, एका डोळ्यात फूल पडलेली म्हातारी होती. ती लहान मुलांना खाऊ देऊन बोलावून नेई.

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर एक म्हातारी बसायची. चिंचा, बोरे, आवळे विकायची. पाठीत वाकलेली. तिच्याही एका डोळ्यात फूल पडलेले. मागेपुढे कोणी नव्हते. पोरे तिला 'आज्जे' म्हणायची आणि पैसे नसले तरी ती मूठभर बोरे हातावर ठेवायची.

जत्रेनंतरच्या आठवड्यात मुले तिच्याकडे जाईनाशी झाली. मग लांबून ओरडू लागली. एका पोराला ताप आला, तर त्याची आई म्हणाली, "म्हातारीची बोरं खाल्ली म्हणून." मोठी माणसेसुद्धा तिच्यावरून जाताना मूल पदराखाली घेऊ लागली. एका संध्याकाळी कोणीतरी दगड मारला. तो कपाळाला लागला. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरची जागा रिकामी होती.

मी तिच्या खोपटात गेलो. कपाळाला फडके बांधून बसली होती. मला म्हणाली, "गुरुजी, म्या काय केलं हो पोरांचं?" मला उत्तर देता आले नाही. तिने काहीच केलेले नव्हते. करायचे ते मी केले नव्हते.

त्यानंतर मी साऱ्या वर्गाला घेऊन तिच्या दारात गेलो. सर्वांच्या देखत तिच्या हातची बोरे घेतली आणि पहिल्यांदा मी खाल्ली. ज्याने दगड मारला होता तो पोरगाही त्यात होता. त्याने शेवटी हात पुढे केला. म्हातारी काही दिवसांनी पुन्हा बसू लागली. पण फाटकापाशी नव्हे, रस्त्याच्या पलीकडे, शाळेकडे पाठ करून. मरेपर्यंत ती तिथेच बसली.

म्हणून सांगतो, चित्रपटातले भूत कोणाच्या चेहऱ्याचे आहे ते नीट बघा. एकटी बाई, विधवा, वेडी, कुबडी, डोळ्याने अधू, अंगाने काळी, जंगलात राहणारी, असलीच माणसे घेऊन त्यांना राक्षस करायचे, ही आळशी लोकांची रीत आहे. नवा राक्षस घडवायला पैसा लागतो किंवा बुद्धी लागते. दुबळ्या माणसाला राक्षस ठरवायला काहीच लागत नाही. पण त्याची किंमत गावातले कोणीतरी भरत असते. चेटकीण ठरवून बाईला छळणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला शिक्षा आहे. पण कायद्यापर्यंत गोष्ट जाण्याआधी ती फाटकाबाहेर थांबवता येते, आणि ते काम मास्तरांचे आणि आईबापांचे आहे.

चौथा प्रश्न : शेवटी सुटका कशाने होते?

पुष्कळ चित्रपटांत शेवटी मांत्रिक येतो, अंगारा टाकतो, आणि भूत पळते. दोन घटका करमणूक म्हणून हे सोडून देता येईल. पण ज्या गावात अजून साप चावल्यावर आधी मंत्र घालायला नेतात, तिथे ही करमणूक महागात पडते. मघाशी सांगितलेल्या त्याच कायद्यात, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा धरला आहे. तेव्हा चित्रपट संपला की मुलांना विचारावे, "या गोष्टीतली माणसं वाचली ती अक्कल वापरून, एकमेकांना धरून, की कोणा बुवाच्या पायावर डोकं ठेवून?" जिथे कोणीतरी धीर धरतो, खरे काय ते शोधून काढतो, जुना अन्याय उघडा करतो, तो भयपट पाहणाऱ्याला थोडा धीट करून घरी पाठवतो. जिथे नुसता अंगारा आहे, तो त्याला आधीपेक्षा भित्रा करून पाठवतो.

आणि हसूही एक सुटका आहे, हे विसरू नये. १९९३ सालचा महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' घ्या. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो तात्या विंचूचा बाहुला! मूळ कल्पना परदेशी चित्रपटातली. पण तिला मराठी मातीत असे रुजवले, की पोरे आधी किंचाळली आणि मग पोट धरधरून हसली. भीतीला हसता येणे हे भीतीतून बाहेर पडण्याचे दारच आहे.

आता मुलांविषयी. १९५२ सालच्या चित्रपट-कायद्याने आपल्याकडे प्रमाणपत्रे देतात. 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. पालकांच्या जबाबदारीवर पाहायच्या 'यूए' प्रमाणपत्राचे २०२३ सालच्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले आहेत. तंबूच्या दारावर निदान एक माणूस उभा असे. मोबाइलच्या दारावर कोणी नाही. म्हणून ते दार आपणच राखायला हवे. माझा नियम साधा आहे. दहाबारा वर्षांच्या आतल्या मुलाने पडद्यावरचा भयपट बघूच नये. त्याला आजीची गोष्ट पुरे. त्याहून मोठ्यांनी वयाला साजेसा बघावा, पण एकट्याने पांघरुणात नव्हे, घरच्यांबरोबर, दिवा लावून. मघाचा करार आठवा : भय समोर, आसरा जवळ. मोबाइलने भय पांघरुणाच्या आत आणून ठेवले आणि आसरा दुसऱ्या खोलीत राहिला, हीच खरी अडचण आहे.

मूल घाबरलेच, तर "हात वेड्या, भूतबीत काही नसतं" एवढे बोलून पाठ फिरवू नका. त्याला विचारा, नेमकं कशाची भीती वाटली? मग मुखवट्याची गोष्ट सांगा, चॉकलेटच्या सरबताची सांगा, पोत्यातल्या पानांची सांगा. सोंग कसे उभे राहते हे ज्याला कळले, तो सोंगाला भीत नाही. शिक्षकांनी तर वर्गात सांगावे, "तुम्हीच एक भीतीची गोष्ट रचा. अट एकच : भूत दाखवायचं नाही, आणि गावातल्या कोणासारखं दिसायला नको." मुले काय काय रचतात ते बघा. मला खात्री आहे, पुष्कळ सिनेमावाल्यांपेक्षा बरे रचतील.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे. गुरुजी, स्वस्त म्हणून चित्रपट टाकू नका आणि भीतीचा म्हणूनही टाकू नका. डोके चालवले आहे का, खरी भीती आहे का, भूत कोणाच्या चेहऱ्याचे आहे, आणि सुटका कशाने होते, एवढे पाहा. चारांतले दोन जमले तर एकदा बघावा. चारही जमले तर दुसऱ्याला सांगावा. पण तिसऱ्यात जो नापास, तो बाकीच्या तिन्हींत पहिला आला तरी आपल्या मुलांपुढे ठेवू नका. आणि मुलांनी तो चोरून पाहिलेला कळला, तर माझ्यासारखे हसून तोंड फिरवू नका. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी, फाटकाबाहेर कोण बसते तेवढे जरा बघून या.